धोटे आणि त्याचा पोट्टा

धोट्यानं मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि ते मी इंग्रजीत सविस्तर लिहून कोर्टाला पाठवलं. त्याच्या भल्यासाठीच. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला काही तसं मोकळं होता आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

शरद धोटे. मूळचा नागपूरचा, महाल भागातला. अमेरिकेत सिएटलजवळ बेलव्ह्यूला आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा लीड होता आणि राहायला बॉथेलला, माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. उंचीनं बेताचा, पण खांदे एवढे रुंद की ऑफिसातल्या खुर्चीची पाठ त्याच्यामागे दिसायची नाही. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, कारण आधीचे दोन भांडणात पडून फुटले होते. मी पुण्याचा. वाद घालणं हा माझाही धर्म आहे, पण आमच्याकडे वाद संपला की माणसं चहा पितात. धोट्याचा वाद संपला की आजूबाजूला काहीतरी फुटलेलं असायचं.

मी त्या ऑफिसात रुजू झालो तो २००१ चा उन्हाळा होता. पहिल्याच दिवशी शेजारच्या क्यूबिकलमधून धाडकन आवाज आला. डोकावून बघतो तर हा माणूस कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटतोय. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कीबोर्डचे दोन तुकडे झाले आणि बटणं सगळ्या गालिच्यावर पसरली. आजूबाजूचे गोरे लोक मान वर न करता काम करत होते. त्यांना सवय असावी. मग तो गुडघ्यांवर बसला आणि बटणं वेचायला लागला. मी मदतीला वाकलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मराठी आहे ना बे तू? चेहऱ्यावरूनच दिसून राहिला. तिकडे टेबलाखाली 'शिफ्ट' गेलं, ते दे." अशी आमची ओळख झाली.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "तोंड खोटं बोलते, हात नाही बोलत." हे तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की ऐकणाऱ्याला खरं वाटायचं. कुणी छान बोललं तर त्याच्या पाठीत असा दणका घालायचा की समोरच्याच्या कपातली कॉफी सांडे. कुणी चुकलं तर तोच दणका, फक्त जरा वरच्या बाजूला. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी त्याला एकदा ऐकवलं. "मग मी शहाण्यांमध्ये राहात नसेन," म्हणाला.

वंदना वहिनी, त्याची बायको, शांत बाई. मी एकदा चाचरत विचारलं होतं, तुम्हाला कधी भीती वाटत नाही का म्हणून. त्या कांदा चिरत होत्या. चिरता चिरताच म्हणाल्या, "घरात तो वस्तू फोडतो. माणसं नाही." आणि थोड्या वेळानं, "पण काचसामान आम्ही आता घेतच नाही." त्यांच्या घरी सगळं स्टीलचं होतं. पाहुण्यांना पाणीही स्टीलच्या पेल्यात मिळायचं, आणि आम्हाला ती नागपूरची रीत वाटायची.

आता त्या मारण्याची गोष्ट. पुढच्याच वर्षी मंदीत माझी नोकरी गेली. आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते तेव्हा पायाखालचा देशच जातो. बायको बाळंतपणाला पुण्याला गेलेली. मी पडदे ओढून दहा दिवस घरात पडून राहिलो. फोन उचलायचो नाही, आंघोळ नाही, ब्रेड खायचो तोही कोरडा. अकराव्या दिवशी सकाळी धोट्यानं मागचं दार खांद्यानं ढकलून कडी उखडली आणि आत आला. मी काहीतरी बोलायला लागलो, की माझं आता काही खरं नाही वगैरे. त्यानं मला एक लाफा मारला. कानाखाली, उजव्या हातानं, पूर्ण ताकदीनं. मी सोफ्यावरून खाली. मग कॉलर धरून मला बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली उभं केलं, स्वतःचा शर्ट मला घातला आणि गाडीत बसवून थेट त्याच्या ओळखीच्या एका मॅनेजरसमोर नेऊन बसवलं. तिथे मला काम मिळालं. डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती, ती मात्र मी कुणाला सांगितली नाही. त्याच्याएवढे उपकार माझ्यावर या देशात कुणी केले नाहीत, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

बेसबॉल त्याच्या आयुष्यात कसा शिरला ते सांगायला हवं. आम्ही सगळे क्रिकेटवाले, पण मी रुजू झालो त्या उन्हाळ्यात सिएटलची टीम नुसती जिंकत सुटली होती आणि ऑफिसात दुसरा विषय नव्हता. धोटे एकदा बघायला गेला आणि तिथलाच झाला. त्याला फक्त पिचर आवडायचा, म्हणजे बॉल टाकणारा. "क्रिकेटमध्ये बॉलर बॉल टाकते आणि मग फिल्डिंगमध्ये जाऊन लपते," तो म्हणायचा. "हा बघ. मधोमध ढिगाऱ्यावर एकटा उभा. मार खाऊन राहिला तरी तिथेच उभा. सगळे बघून राहिले." आम्ही तिघांनी मिळून सीझनची तिकिटं घेतली: तो, मी आणि मुंबईचा नितीन सामंत. डाव्या बाजूला अगदी खालच्या रांगा, जिथे पिचर लोक मॅचआधी हात मोकळा करतात त्या कुंपणाजवळ. चौथ्या खुर्चीत हॅरल्ड नावाचा म्हातारा यायचा, निवृत्त बसड्रायव्हर. त्यानं धोट्याला पेन्सिलनं स्कोअर लिहायला शिकवलं. रागाच्या भरात धोटे दर मॅचला दोन पेन्सिली मोडायचा, म्हणून हॅरल्ड खिशात भरपूर पेन्सिली घेऊन यायचा.

याच काळात त्याचं ग्रीन कार्ड अडकून पडलं होतं. कागद जाऊन वर्षं झाली होती, आणि रांग पुढे सरकत नव्हती. त्यातच एकदा ४०५ हायवेवरून उतरताना एका ट्रकवाल्यानं याच्या गाडीला कट मारला. सिग्नलला धोटे गाडीतून उतरला आणि ट्रकच्या दारावर लाथा घालायला लागला. दाराला पोचे आले. ट्रकवाल्यानं काच खाली केली आणि मांडीवरचं पिस्तूल उचलून दाखवलं. मी शेजारच्या सीटवर बसून हे बघत होतो. धोटे म्हणाला, "चालव गोळी. चालव ना!" मराठीत. सिग्नल हिरवा झाला, ट्रक निघून गेला. मागच्या गाडीतल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला होता; ते आले आणि समज देऊन सोडून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलानं त्याला बसवून स्पष्ट सांगितलं: एक अटक, एक मारामारीचा गुन्हा, की कार्ड विसरा. व्हिसाची मूळ मुदत संपून तो आता कार्डाच्या अर्जावरच वाढवून मिळत होता, म्हणजे नुसतं कार्ड नाही, घरच विसरा. मुलगी सई तेव्हा शाळेत होती, चौथ्या वर्षापासून इथे वाढलेली, मराठी कळायची पण उत्तर इंग्रजीतच. नागपूर तिच्या लेखी आजीचं गाव, तिथे दोन आठवडे उकाड्यात काढायचे एवढंच. तिच्यासाठी तरी हात आवर, असं वहिनींनी त्याला सांगितलं. त्यानं मनावर घेतलं. मॅचला आला की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागला. तीन तीन तास तसा बसायचा. बोटं बधिर झाली की हॅरल्ड त्याच्या तोंडात शेंगदाणे टाकायचा.

दोन वर्षं त्यानं अशी काढली. कुणावर हात नाही. आम्हाला वाटलं, सुधारला.

याच दोन वर्षांत तो पिचर आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. धोटे त्याला नावानं हाक मारायचाच नाही, 'पोट्टा' म्हणायचा, म्हणजे नागपुरीत पोरगा. तेवीस वर्षांचा, कॅरिबियनमधल्या कुठल्यातरी बेटावरचा, डावखुरा. पहिल्या वर्षी त्याचा बॉल कुणाला दिसायचा नाही. दुसऱ्या वर्षी काय बिघडलं कुणास ठाऊक. बॉल कुठेही पडायला लागला, समोरचे त्याला बदडायला लागले. इंग्रजी येत नव्हतं, टीममध्ये कुणाशी बोलायचा नाही. एकदा मार खाऊन परतला आणि बाकांपाशी पाण्याचा पिंप होता तो त्यानं बॅटनं फोडला. पुढच्या वेळी भिंतीवर उजव्या हातानं ठोसा मारून करंगळी मोडून घेतली. मग पत्रकारांना सांगितलं, मला इथून जायचंय. लोक खवळले. रेडिओवर रोज संध्याकाळी एकच चर्चा: याला ट्रेड करा. ट्रेड म्हणजे हा खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात त्यांचा घ्यायचा, आणि त्याची मुदत जुलैअखेर असते.

धोटे गाडीतून त्या रेडिओवर फोन करायचा. रोज. ऑफिसातून घरी जाताना आम्ही सगळे आपापल्या गाड्यांत त्याचा आवाज ऐकायचो. त्याचं इंग्रजी ऑफिसात बरं होतं, पण रेडिओवर त्याचं पार नागपूर व्हायचं. "सर, तुम्ही दुःखी माणसाला विकून राहिले, सर. बदल्यात काय येईल? दुसऱ्या कुणाचा दुःखी माणूस येईल, सर." निवेदक हसायचे. मग धोटे त्यांना शिव्या द्यायचा आणि फोन कापला जायचा. उरलेल्या शिव्या डॅशबोर्डाच्या वाट्याला यायच्या.

जुलैतल्या एका रविवारी सामंताकडे जेवायला जमलो होतो. दहाबारा कुटुंबं, पोरं अंगणात. जेवणं आटोपत आली आणि कुणीतरी विषय काढला. सामंत बोलायला चांगला, मुद्देसूद. "बॉस, भावना बाजूला ठेवा," तो म्हणाला. "परफॉर्मन्स नाही, अॅटिट्यूड नाही, आणि वर साहेबांना इथे राहायचंच नाही. ऑफिसात असा माणूस आपण ठेवला असता का यार? अजून त्याला थोडी किंमत आहे तोवर ट्रेड करून टाका. उद्या फुकट कुणी घेणार नाही."

"करंगळी मोडली त्याची," धोटे म्हणाला.

"स्वतः मोडून घेतली!"

"तेच सांगून राहिलो ना. दुसऱ्याची नाही मोडली. राग आला तर भिंतीले मारलं, माणसाले नाही मारलं. घरापासून दूर पोट्टा, भाषा नाही, सगळे बघून राहिले. तू राहून दाखव तिथे एक दिवस."

"अरे पण आम्ही काय त्याचे आईबाप आहोत? असली माणसं टीम खराब करतात, धोटे. असल्यांना बाहेरच काढलं पाहिजे."

'असल्यांना' म्हणताना सामंतानं धोट्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं असं मी म्हणणार नाही, पण बघितलं. धोटे उठला. त्यानं सामंताला शर्टाला धरून फ्रिजवर दाबला. पाय जमिनीपासून वर. फ्रिजवरचे फोटो खाली पडले. सामंताची बायको किंचाळली. मी आणि आणखी एकानं धोट्याचे दंड धरले, तर त्यानं झटक्यात आम्हा दोघांना फेकलं, सामंताला सोडला आणि मूठ मधल्या काचेच्या टेबलावर हाणली. टेबल फुटलं. त्याच्या मनगटातून रक्त यायला लागलं आणि आमटीच्या पातेल्यात काचा. दारात पोरं उभी होती. सईही होती. ती म्हणाली, "बाबा, स्टॉप इट," अगदी हळू.

वहिनींनी टॉवेल आणला, त्याचा हात बांधला, टेबलाखालच्या काचा गोळा केल्या आणि तिघं निघून गेले. सामंतानं पोलिसांना बोलावलं नाही. आपल्यात बोलावत नाहीत. पुढच्या शनिवारी धोटे नवं टेबल घेऊन त्याच्या दारात हजर झाला, पाय स्वतः स्क्रूनं बसवले, चहा प्यायला आणि म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण पोट्ट्याले विकू नये." सामंत विरघळला. आम्ही असेच आहोत. टेबल आणून दिलं की हाताचं विसरून जातो.

मुदतीच्या आधीचा शेवटचा रविवार, दुपारची मॅच. पोट्ट्याला उतरवलं आणि त्याचा पार चुराडा झाला. दुसऱ्या इनिंगमध्येच कॅप्टन... कॅप्टन नव्हे, तिथे मॅनेजर असतो, तो मैदानात आला आणि याच्या हातातून बॉल काढून घेतला. अख्खं स्टेडियम हुर्यो करत होतं. धोटे हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मान लाल झाली होती. दोन इनिंगनंतर काहीतरी सामान आणायला म्हणून पोट्टा आमच्या समोरच्या कुंपणापाशी आला. खाली मान. अगदी पहिल्या रांगेत एक आडदांड माणूस मॅच सुरू झाल्यापासून पीत बसला होता. तो उठला, कुंपणावरून वाकला आणि बियरचा भरलेला ग्लास त्यानं पोट्ट्याच्या डोक्यावर ओतला. "बोटीत बसून परत जा," असं काहीसं ओरडला. आसपासचे हसले. पोट्टा थांबला. टोपी काढली, तोंड पुसलं, त्या माणसाकडे वर बघितलं आणि काहीही न करता चालायला लागला.

धोटे उठला. हॅरल्डनं त्याचा शर्ट धरला, शर्ट फाटला. मी "धोटे, सई!" एवढंच ओरडलो. आठ पायऱ्या उतरून तो खाली गेला. तो माणूस वळला, आणि धोट्याचा पहिला ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. माणूस खुर्च्यांमध्ये पडला. धोटे त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. उजवा, डावा, उजवा. दात तुटून सिमेंटवर पडले. माणसाचे हात वर आले होते, मग तेही खाली पडले, तरी हा मारतच होता. मी जाऊन त्याच्या गळ्यात हात घातला तर त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. पहिला ठोसा पोट्ट्यासाठी होता, हे मी शपथेवर सांगेन. पुढचे कुणासाठी होते मला माहीत नाही. त्याचा चेहरा मी बघितला. तो रागावलेला नव्हता, तो सुटला होता. दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सुटलं होतं, आणि मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

चार गार्डांनी मिळून त्याला बाजूला केला आणि मागे हात बांधून नेला.

दोन दिवसांनी पोट्ट्याला ट्रेड केलं. बदल्यात दोन कुणीतरी नवखी पोरं आली. तिकडच्या टीममध्येही त्याचं फारसं काही झालं नाही म्हणतात. धोट्याला ही बातमी मीच सांगितली, जामिनावर सुटून आला त्या दिवशी. "जाऊ दे," एवढंच म्हणाला.

वकील हुशार होता. त्या माणसानं आधी बियर ओतली होती, शिवी दिली होती, खुद्द त्याच्यावरच दोन जुने गुन्हे होते. गुन्हा हलका करून घ्यायचा, मारामारीऐवजी सार्वजनिक ठिकाणी गोंधळ एवढ्यावर आणायचं, असं सरकारी बाजूशी जवळपास ठरत आलं होतं. तसं झालं तर कार्ड वाचणार होतं. वकिलानं फक्त एवढं सांगितलं की धोट्याच्या चांगल्या चारित्र्याबद्दल मित्रांची दोनतीन पत्रं माझ्याकडे द्या.

आम्ही सामंताकडे जमलो, नव्या टेबलाभोवती. दोनतीन कशाला, सहा जण लिहू, असं ठरलं. आणि वकिलाकडे कशाला, तो त्यात वकिली भाषा घुसडेल. सरळ जजलाच पाठवू, जज पण माणूसच आहे ना यार, असं सामंत म्हणाला. सगळ्यांना पटलं. वहिनी लिहिणार नव्हत्या. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "मी काय लिहिणार? खरं लिहिलं तरी त्रास, खोटं लिहिलं तरी त्रास." मला तेव्हा त्या कोरड्या वाटल्या.

आपल्याकडे नुसतं गोड लिहिलेलं कुणी खरं मानत नाही. माणूस खरा वाटायला हवा असेल तर आधी त्याचा एखादा दोष सांगायचा, आणि त्या दोषातूनच त्याचं मन दाखवायचं. फणसाला काटे असतात, म्हणून आतल्या गऱ्याचं कौतुक. मी जरा लिहिणारा माणूस, त्यामुळे मला जास्तच चेव चढला. दोन रात्री जागून तीन पानं लिहिली. लाफा, कडी उखडणं, शॉवर, नोकरी, सगळं. सामंतानं फ्रिज आणि टेबल लिहिलं, आणि धोट्यानं ते टेबल किती प्रेमानं बसवून दिलं तेही. एकानं कीबोर्ड लिहिला. लिहिताना आमचे डोळे भरून आले होते.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील म्हणून एक तरुण मुलगी उभी होती. जजला आलेली पत्रं दोन्ही बाजूंना मिळतात, हे आम्हाला तिथे कळलं. तिनं आमची पत्रं हातात घेतली आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. "'त्यानं मला इतक्या जोरात मारलं की मी खाली पडलो आणि दोन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत होती. या देशात माझ्यासाठी कुणी केलेली ही सर्वांत प्रेमळ गोष्ट आहे.'" ती थांबली. जजनं चष्म्यावरून आमच्या बाकाकडे बघितलं. मग तिनं सामंताचं वाचलं. मग कीबोर्ड. मग म्हणाली, सहा मित्रांची सहा पत्रं आहेत, आणि त्यातल्या पाचांत आरोपीनं कुणाला तरी मारलंय किंवा काहीतरी फोडलंय. आणि हे त्याच्या बाजूचे लोक आहेत. आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. गुन्हा हलका करायचं बोलणं तिथेच संपलं. मारामारीचा गुन्हा कायम राहिला, आणि त्याबरोबर कार्ड गेलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी भिंतीला टेकून उभा होतो. धोटे माझ्याकडे चालत आला. खरं सांगतो, तो मला मारेल असं वाटलं, आणि मारावं असंही वाटत होतं. तो समोर उभा राहिला आणि माझ्या डाव्या कानाकडे बघायला लागला.

"दोन दिवस शिट्टी वाजून राहिली होती?"

"हो."

"सांगितलं काहून नाही बे?"

माझा हात कानाकडे गेला.

"मले वाटलं तुले बरं वाटलं असेल," तो म्हणाला. "नोकरी लागली ना. मले वाटलं बरं वाटलं असेल." मग तो बाकावर बसला, आणि मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं. वहिनी दोन हात लांब उभ्या राहून खिडकीबाहेर बघत होत्या.

शिक्षा त्यानं भोगली, थोड्या महिन्यांची. तोवर कंपनीनं त्याला काढलं होतं. वहिनी आणि सई त्याच्याच व्हिसावर, त्यामुळे तिघांनाही निघावं लागलं. सईचं शाळेचं शेवटचं वर्ष उरलं होतं. मी त्यांना एअरपोर्टला सोडायला गेलो; सामंतही येतो म्हणाला होता, आला नाही.

आत जायच्या रांगेआधी मी त्या तिघांच्या बॅगा उतरवून दिल्या. काही बोलायचं म्हणून धोटे सईला म्हणाला, "नागपूरलेही चांगली कॉलेजं आहेत, बेटा." तेवढंच. सईनं बॅग टाकली आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. "यू डिड धिस! आय हॅड वन इयर लेफ्ट! वन इयर!" एक मूठ त्याच्या तोंडावर बसली, ओठ फुटला. ती थांबेना. माणसं वळून बघायला लागली. धोटे हात खाली सोडून नुसता उभा होता, हलला नाही, मागेही सरला नाही. दोन पोलीस आमच्या दिशेनं यायला लागले, आणि त्यातल्या एकानं सईला मागे व्हायला सांगितलं.

"इट्स ओके, ऑफिसर," धोटे म्हणाला. "शी इज माय डॉटर."

पोलिसाला ते पुरेसं वाटलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा वरच्या आवाजात. वहिनींनी सईला मागून घट्ट धरलं, तेव्हा ती थांबली. तिचा उजवा हात लाल झाला होता आणि ती तो डाव्या हातानं चोळत होती. धोट्याच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर ठिबकत होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"लागलं का तुले?" त्यानं विचारलं.

तिनं हात खिशात घातला. वहिनींनी बॅग उचलली, आणि तिघं आत गेले.